शून्याचा रकाना

मे महिन्यातल्या एका दुपारी आईने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, कूलरमधल्या वाळ्याचा ओलसर वास घरभर पसरला होता आणि जेवणे नुकतीच आटोपली होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये त्या वेळी रात्र पडलेली होती. दिवसभराचे काम संपवून घरी आलेली माझी भाची आम्हाला त्या दिवशीच्या बुडीचे चित्रण दाखवत होती. पडद्यावर गढूळ हिरवे पाणी होते, तळावर प्लास्टिकच्या नळ्यांची एक पांढरी चौकट ठेवलेली होती, चौकटीत एकमेकांना चिकटून बसलेले शिंपले होते आणि हातमोज्यातले एक बोट त्या प्रत्येकाला हलकेच स्पर्श करत पुढे सरकत होते. बोट थांबे, पाटीवर पेन्सिलीची एक रेघ उमटे, बोट पुन्हा सरके. आईने मोबाइल डोळ्यांजवळ धरून हे सगळे शांतपणे पाहिले आणि मग विचारले, “बाई गं, एवढ्या गार पाण्यात उतरून मोजायलीस खरं, पण मोजल्यानं ते वाढत्यात व्हय?”

“न्हाई आज्जी, वाढत नाहीत,” एवढेच भाची म्हणाली, आणि बोलणे तिच्या जेवणखाणाकडे वळले.

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी तो विसरूनही गेलो असतो. पण आईचे सगळे कर्ते आयुष्य मोजण्यात गेले आहे. सोलापुरातल्या हजारो बायकांप्रमाणे ती विड्या वळत असे. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पाने भिजवून मऊ करायची, पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपातून चिमूटभर तंबाखू घेऊन विडी वळायची, टोक मुडपायचे आणि दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर मिळे. माझ्याकडून पाढे म्हणून घेताना, शेजारणीशी बोलताना, चुलीवरच्या भाकरीकडे लक्ष ठेवतानाही तिचा हात पंचवीस-पंचवीसची बंडले बांधत राही, आणि त्यांत कधी एक विडी कमी किंवा जास्त निघालेली मला आठवत नाही. कारखान्यात तपासणीस खराब वाटलेल्या विड्या बाजूला काढत. त्या हजारांत धरल्या जात नसत आणि त्यांचे पान व तंबाखूही परत मिळत नसे. माझी शाळेची आणि पुढे कॉलेजची फी त्या हजारांतून भरली गेली. मोजलेल्या वस्तूचे संध्याकाळी काहीतरी हातात पडते, हा तिचा अनुभव होता. त्यामुळे जिवाला त्रास देऊन मोजायचे, मोजलेले तिथेच ठेवून परत यायचे, आणि मोजण्याने त्यात भरही पडायची नाही, हे काम तिला कोड्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. मला अस्वस्थ वाटले ते निराळ्याच कारणाने. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवूनही त्या क्षणी तिला द्यावे असे उत्तर माझ्या तोंडी आले नाही.

शिंपला मी किती तरी वर्षे शिकवला. प्रात्यक्षिकासाठी भीमेच्या पात्रातले शिंपले बादलीतून येत. नदीच्या गाळाचा आणि शेवाळाचा एक थंड वास प्रयोगशाळेत भरून राही. एक झडप अलगद उचलून कल्ल्यांची पातळ पाने उघडी केली आणि त्यांवर कारमाइनची लाल पूड टाकली, की ते लाल कण आपोआप एका दिशेने चालू लागत. कल्ल्यांवरची सूक्ष्म रोमके त्यांना पुढे ढकलत, चिकट द्रवात गुंडाळत आणि तोंडाकडे नेत. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसे, त्यासाठी मी तो तास कधी दुसऱ्या कोणाला दिला नाही. पण ट्रेमध्ये समोर असे तो एकच शिंपला, आपल्या जागेवरून उचलून आणलेला. हजारो शिंपले एकत्र असले म्हणजे त्यांचे काय होते, त्या गर्दीत आणखी कोण राहते, पाण्याचे काय होते, याची चित्रे अभ्यासक्रमात नव्हती आणि माझ्याही मनात नव्हती. ती मला भाचीने दाखवली.

तिचे काम चालते ते हाउराकी आखातात, ऑकलंड शहराच्या अगदी दारात. आपल्या कोकणात खडपांवर जे शिनाणे मिळतात, त्यांच्याच पर्ना या प्रजातीतला, हिरव्या काठाचा, वितीएवढाही वाढू शकणारा शिंपला तिथल्या तळावर मैलोन्मैल पसरलेला होता. १९१० च्या सुमारास बोटींमागे लोखंडी जाळीचे खरवडे ओढून तो उपसायला सुरुवात झाली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस उपसण्यासारखे काही उरले नाही. धंदा थांबला. तळाला कोणी हात लावला नाही तर शिंपले आपोआप परत येतील असे कोणालाही वाटले असते. पण अर्धे शतक उलटले तरी ते आले नाहीत. या आखाताच्या दक्षिण टोकाला फर्थ ऑफ टेम्स नावाचा मोठा उथळ भाग आहे. पूर्वीचे शिंपले तिथले सगळे पाणी एका दिवसाच्या आत गाळून काढत असावेत आणि आज उरलेल्यांना त्याच कामाला जवळजवळ दोन वर्षे लागतील, असा संशोधकांचा अंदाज आहे. कल्ल्यावरून चालणारा तो एक लाल कण मी इतकी वर्षे पाहिला होता. तो हजारो कोटींनी गुणला की काय होते, हे मला या एका वाक्याने कळले.

मग काही माणसांनी शिंपले परत नेऊन ठेवायचे ठरवले. २०१३ मध्ये वाइहेके बेटाजवळ ‘रिव्हाइव्ह अवर गल्फ’ या उपक्रमातून शेतीत वाढवलेले टनांवारी शिंपले समुद्रतळावर सोडले गेले, आणि त्यानंतर आखातात इतर ठिकाणीही असे वाफे तयार झाले. तराफ्यावरून पाण्यात ढकललेला शिंपला चिखलावर जसा पडेल तसा पडतो. पण तो तसा राहत नाही. तो आपला पाय बाहेर काढतो, पायाच्या खोबणीतून पाझरलेल्या द्रवाचा धागा काही मिनिटांत पाण्यातच घट्ट होतो, आणि अशा धाग्यांनी शेजाऱ्याला धरून तो स्वतःला त्याच्याकडे ओढून घेतो. काही दिवसांत विखुरलेल्या शिंपल्यांचे पुंजके होतात. नदीतल्या वाढलेल्या शिंपल्याला हे धागे नसतात. तो वाळूत अर्धा रुतून एकटाच राहतो. म्हणून मला हे धागे पाहण्याची फार उत्सुकता होती, आणि भाचीने एका भेटीत वाळलेल्या धाग्यांचा झुबका आणलाही होता. आमच्या शेजारी आयुष्यभर चादरीच्या मागावर काम केलेले एक काका राहतात. त्यांनी तो झुबका चिमटीत धरला, ताणला, नखाने उलगडून पाहिला आणि याला पीळच नाही, तरी तुटत कसा नाही, असे म्हणत तो बराच वेळ हातातून सोडला नाही.

मी तिला सांगून ठेवले आहे की छाटलेली, संगीत लावलेली चित्रणे मला पाठवू नकोस. पूर्ण बुडी पाठव. उन्हाळ्यात आम्ही अजूनही गच्चीवर झोपतो. पहाटे जरा गारवा सुटतो, आणि अंथरुणावर बसून, कानात यंत्र लावून मी ती चित्रणे पाहतो. आधी फक्त श्वास ऐकू येतो, आत जाणारा कोरडा आणि बाहेर पडणारा बुडबुड्यांचा. मग त्यामागे एक बारीक तडतड ऐकू येऊ लागते, जी लहान जीवांच्या हालचालींतून आणि खाण्यातून निघते. बोटीच्या दोराला धरून दोघीजणी खाली जातात. पाणी आधी पोपटी, मग शेवाळी आणि शेवटी करड्या रंगाचे होते, आणि पुढच्या माणसाचे पाय दिसेनासे होतात. हे प्रवाळाच्या जाहिरातीतले निळे पाणी नव्हे. हात-दोन हातांपलीकडे दिसत नाही असेही दिवस असतात. तळ अचानक येतो. तिथे पोहोचल्यावर पहिले काम शिंपले मोजण्याचे नसते. आधी मासे मोजायचे असतात, कारण टेप उलगडली, हालचाल वाढली, की ते निघून जातात. म्हणून दोघी तळापासून थोड्या वर, हातपाय न हलवता तरंगत राहतात. त्यानंतर टेप, टेपवर ठरलेल्या अंतराने चौकट, आणि चौकटीतला प्रत्येक शिंपला.

जिवंत आणि मेलेला ओळखण्याची रीत मला फार आवडली. जिवंत शिंपला किंचित उघडा असतो. त्याच्या काठाची मऊ झालर पाण्यात दिसते आणि बोट लागताच तो मिटतो. मेलेला मिटत नाही. कधी त्याच्या दोन्ही झडपा सताड उघड्या असतात, कधी त्या चिखलाने भरलेल्या असतात, आणि कधी बाहेरून अगदी धडधाकट दिसणारा शिंपला हातात घेतल्यावर रिकामा निघतो. म्हणून नुसत्या छायाचित्रावर भागत नाही. स्पर्श करावा लागतो. त्यातच पायाचा पंखा तळाला लागला तर गाळ उसळतो आणि चौकट, हात, पाटी सगळे नाहीसे होते. मग तो बसेपर्यंत स्तब्ध राहायचे, आणि तोवर टाकीतली हवा संपत असते. चित्रणात अशी पाच-पाच मिनिटे येतात, ज्यांत करड्या धुरापलीकडे काहीच दिसत नाही आणि फक्त श्वास चालू असतो. मी ती मिनिटे पुढे सरकवत नाही. सोळा-सतरा अंशांच्या पाण्यात बोटे हळूहळू बधिर होतात, आणि पत्रकाच्या शेवटच्या ओळींतले अक्षर पहिल्या ओळींसारखे राहत नाही. ती पाण्यात टिकणाऱ्या कागदाची पत्रकेही ती मला छायाचित्र काढून पाठवते. त्या वेड्यावाकड्या अक्षरांवर माझा छापील तक्त्यांपेक्षा अधिक विश्वास बसतो.

तिचे पोहणे सोलापूरच्या तलावात नव्हे, तर मोहोळकडच्या आमच्या वस्तीवरच्या विहिरीत झाले. पाठीला रिकामा डबा बांधून मीच तिला पाण्यात सोडले होते. डबा सुटल्यावर पुढची परीक्षा असे ती तळ आणण्याची. सूर मारून विहिरीचा तळ गाठायचा आणि मूठभर माती वर आणून काठावरच्यांना दाखवायची. मूठ रिकामी असेल तर कितीही वेळ पाण्यात राहिलात तरी ती बुडी धरली जात नसे. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट असे आणि पुरुषभर खाली गेले की अंगावर काटा यावा इतके थंड होई. कानांत कळ येई आणि पायऱ्यांचे दगड काळे होत जात. ती वर आली की आधी पाण्यातून मूठ बाहेर येई आणि मग डोके. मुलगी आहे म्हणून तिला काठावर बसवून ठेवावे असे म्हणणारे घरात होते, आणि तिच्या आजीने त्यांचे ऐकले नाही, हे इथे लिहून ठेवले पाहिजे.

वाफ्यावर काय काय परत येते, ते पाहताना मला फार आनंद होतो. बाजूचा उघडा चिखल चित्रणात येतो तेव्हा त्यात किड्यांची बिळे आणि एखादा खेकडा याखेरीज नजर कुठे ठरत नाही. टेप वाफ्यावर आली की तळ उंचसखल होतो. शिंपल्यांच्या पाठीवर स्पंज आणि समुद्रपिचकाऱ्या वाढलेल्या असतात, फटींतून बोटभर लांबीचे ठिपकेदार मासे डोके काढून पाहतात, शिंपल्यांनी गाळून टाकलेल्या मळावर समुद्रकाकड्या संथपणे चरत असतात, आणि स्नॅपर नावाच्या माशाची लहान पोरे वाफ्याच्या कडेकडेने येऊन जातात. शिंपला पाण्यातला गाळ शोषून घेतो, त्यातले खाण्याजोगे ठेवतो आणि नको ते चिकट गोळ्या करून तळावर टाकतो. त्या गोळ्यांवर दुसरे जीव जगतात, आणि त्या वाफ्याच्या गाळातले जिवाणू पाण्यातल्या जादा नत्राचा काही भाग वायू करून हवेत सोडतात. पुस्तकात हे सगळे वेगवेगळ्या प्रकरणांत येते. तिथे ते दोन हातांच्या अंतरात चाललेले असते.

आणि तिथेच अकरा बाहूंचा तारामासाही येतो.

तो शिंपल्यावर बसतो, शेकडो नलिकापादांनी, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांनी, दोन्ही झडपा धरून ओढत राहतो, आणि केसभर फट पडली की आपले जठर बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो. शिंपला स्वतःच्या घरातच पचवला जातो. मी हे वर्गात रंगवून सांगत असे. पण मोठ्या कष्टाने आणून ठेवलेल्या वाफ्यावर त्याला पाहिले तेव्हा मला खरोखर राग आला आणि मी तिला विचारले की तुम्ही त्याला उचलून बाजूला का टाकत नाही. ती म्हणाली, “मामा, आम्ही मोजायला गेलेलो असतो. मोजताना हलवलं तर मग मोजलं काय? आणि तो आलाय तो इथं खायला आहे म्हणूनच ना.” तिचे म्हणणे मला पटले, पण माझा राग पूर्ण गेला असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्याभोवती पडलेली उघडी शिंपली पाहताना तो पुन्हा येतो.

पत्रकाच्या उजव्या टोकाला नव्या पिल्लांचा एक रकाना आहे, आणि त्याबद्दल लिहायला मी मुद्दाम उशीर केला आहे. नखाएवढे किंवा त्याहून लहान, मोठ्यांच्या धाग्यांत अडकून वाढणारे शिंपले तिथे लिहायचे असतात. त्या रकान्यात शून्य असते. पुढच्या चौकटीतही शून्य, पुढच्या टेपवरही शून्य. हे एका वाफ्याचे दुर्दैव नाही. आखातात अशा पुन्हा वसवलेल्या वाफ्यांवर नवी पिढी जवळजवळ येतच नाही, हे आता तिथल्या सर्व अभ्यासकांना माहीत आहे. या शिंपल्याचे अंडे आणि रेत उघड्या पाण्यात मिसळतात, अळी काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहते आणि मग आधी केसांसारख्या बारीक समुद्रशैवालावर किंवा तशाच तंतुमय जीवांवर उतरते. मोठ्यांच्या वाफ्यावर ती नंतर येते. खरवड्यांनी शिंपल्यांबरोबर उतरण्याच्या त्या सगळ्या पहिल्या जागाही नेल्या, आणि जमिनीवरून वाहून येणाऱ्या मातीने उरलेला तळ झाकून टाकला. तिथल्या शिंपल्यांच्या शेतीला लागणारे बहुतेक बीसुद्धा दूर उत्तरेकडच्या नव्वद मैल म्हणवल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर, लाटांबरोबर वाहून आलेल्या शैवालाला चिकटलेले मिळते. म्हणजे आखातात ठेवलेले शिंपले जन्माने त्या आखाताचे नसतातच. ते जगतात, पाणी गाळतात, माशांना आसरा देतात आणि आपापल्या वेळी मरतात. सोलापूरच्या बंद गिरण्यांजवळच्या चाळींत संध्याकाळी फिरताना दारोदार बसलेली म्हातारी माणसे दिसतात. घरे झाडलेली असतात, तुळशीला पाणी घातलेले असते, आणि मुले पुण्याला गेलेली असतात. तो रकाना पाहताना मला त्या चाळी आठवतात, आणि माझ्या बहिणीचे घरही आठवते, जिची एकुलती एक मुलगी ते पत्रक भरत असते.

एकदा मी तिला विचारले की दरवेळी हेच लिहायचे आहे तर त्यासाठी उतरायचे कशाला. ती जरा वैतागली. तिचे म्हणणे असे होते की कोणी उतरले नसते तर सगळ्यांची समजूत झाली असती की वाफा वसला आणि काम झाले. वरून पाहणाऱ्याला पाणी सारखेच दिसते. त्या शून्यामुळेच तिथले लोक आता वेगळे प्रश्न विचारू लागले आहेत. अळीला बसायला काय लागते, रिकामी शिंपली आधी पसरून कठीण तळ तयार केला तर काय होते, वाफे किती मोठे आणि एकमेकांपासून किती जवळ हवेत. ऑकलंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले होते की जहाजाच्या इंजिनाचा आवाज ऐकवला तर या शिंपल्याच्या अळ्या लवकर खाली बसतात, म्हणजे आवाजसुद्धा या हिशेबात धरावा लागतो. वाइहेकेभोवती २०२१ मध्ये नगाती पाओआ या माओरी जमातीने राहुई, म्हणजे परंपरेने घातली जाणारी बंदी, लागू केली आणि शिंपले, शेवंडे यांसारखे जीव काढणे थांबवले. या सगळ्यांनी रकाना भरेल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि त्यांचे हे न सांगणे मला मोलाचे वाटते. झाडे लावण्याच्या कार्यक्रमांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात पाहतो. दुसऱ्या वर्षी त्या खड्ड्यांजवळ जाऊन किती झाडे जगली हे लिहिणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे, आणि जो भेटला त्याला कोणी हार घातलेला मी पाहिला नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्याकडूनच मिळाले असे म्हणायला हवे. जून उजाडला की ती रोज सकाळी वर्तमानपत्र हातात घेणाऱ्याला विचारते, “उजनी किती झालं रं?” सोलापूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. एकशे सतरा टीएमसीच्या त्या धरणातला निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे टक्क्यांच्या हिशेबाबाहेरचा, धरलेला असल्यामुळे आपला आकडा उन्हाळ्यात शून्याच्या खाली जातो, आणि उणे वीस, उणे चाळीस असे म्हणताना घरातल्या लहान मुलालाही त्याचा अर्थ कळतो. पाणी चार-पाच दिवसांआड येते, तरी तो आकडा रोज पाहिल्यावाचून राहवत नाही. पुण्याकडे पाऊस झाला, दौंडचा विसर्ग वाढला, उणे संपून अधिक सुरू झाले, की त्या सकाळी अनोळखी माणसेही टपरीवर एकमेकांना तो आकडा सांगतात. आकडा वाचल्याने धरणात थेंबभरही भर पडत नाही हे आईला ठाऊक आहे. मी हे तिच्यापुढे मांडले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ते आपल्या पाण्याचं हाय. आपल्याला ते प्यायचं असतंय.” मला वाटते तिने माझ्यापेक्षा नेमके सांगितले. ज्याच्यावाचून आपले चालणार नाही असे आपल्याला मनापासून वाटते, ते आपण मोजतो, मग आकडा उणे असो की शून्य. हाउराकीच्या काठावरच्या काही माणसांना त्या शिंपल्यांबद्दल तसे वाटू लागले आहे.

हाउराकीमध्ये काय गेले हे तरी लोकांना सांगता येते. बोटींनी बंदरावर उतरवलेल्या मालाच्या नोंदी शिल्लक आहेत आणि १९६१ ते १९६७ या काळात, शिंपले संपत असतानाच, फर्थमध्ये पाहणीही झाली होती. ज्यांनी उपसले त्यांनी पैशासाठी मोजले, आणि आज तळ किती समृद्ध होता याचा पुरावा म्हणून तीच मोजणी उपयोगी पडते. आपल्या भीमेचे तसे नाही. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या प्रजातींचे शिंपले ज्या वाळूत राहतात, ती वाळू रात्रीच्या रात्री यांत्रिक बोटींनी आणि जेसीबीने उपसली गेली. ब्रासचा हिशेब कुठेतरी झाला असेल. वाळूबरोबर किती जीव गेले याचा झाला नाही. प्रात्यक्षिकासाठी बादलीतून येणारे शिंपले पुढे पुढे लहान होत गेले आणि मग वेळेवर येईनासे झाले. तेवढे माझे प्रमाण आहे, आणि त्याला नोंद म्हणता येत नाही.

यंदा नदी उतरल्यावर, भाचीने सांगितलेल्या मापाची चौकट नळवाल्याकडून करवून घेऊन, दोन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर मी भीमेच्या एका उथळ पट्ट्यात उतरलो. गुडघाभर पाण्यात वाकून बोटांनी वाळू चाचपायची असते. डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी शिंपला कळतो. पाण्याला सांडपाण्याचा वास होता आणि पायाखाली वाळूपेक्षा काळा चिखल अधिक लागत होता. रिकामी शिंपली पुष्कळ मिळाली, काहींच्या आतला मोतिया रंग अजून ताजा होता, आणि एका वळणावर, जिथे वाळूचा लहानसा पट्टा कसा कोण जाणे वाचला आहे, तिथे जिवंत शिंपलेही हाताला लागले. मोजून झाल्यावर ते जिथे होते तिथेच, टोक खाली करून, परत रोवले. ते पत्रक मी तिला पाठवले तेव्हा तिने पहिली चूक दाखवली ती अशी की समुद्राचा तक्ता नदीला चालणार नाही. नदीतल्या शिंपल्याची अळी आईच्या कल्ल्यांत वाढते आणि बाहेर पडल्यावर तिला माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही काळ काढावा लागतो. मासा मिळाला नाही तर ती मरते. हे मीच तिला कधीतरी शिकवले होते. तेव्हा पिल्लांच्या रकान्याशेजारी माशांचा रकाना आखायचे ठरले आहे. त्या पट्ट्यात कोणते मासे येतात आणि कोणते येईनासे झाले, हे तिथे जाळे टाकणाऱ्या कोळ्यांनाच विचारावे लागेल, आणि ते पहाटे चारला नदीवर येतात.